टेलिफोनच्या यादीपासून सुरुवात

शाळेत दोन प्रकारची माहिती असते. एक कागदावरची: हजेरीपट, जमाखर्च, परिपत्रकं, निकाल. दुसरी माणसांच्या डोक्यातली. शिष्यवृत्तीचे अर्ज मागच्या वर्षी नेमके कशामुळे परत आले, प्रयोगशाळेतला कोणता व्होल्टमीटर थोडं जास्त दाखवतो, पाचवीतल्या कोणत्या मुलाच्या घरी निरोप पाठवायचा तर तो आजीकडे द्यावा लागतो, ही माहिती कुठल्याच रजिस्टरात नसते. ती ज्यांना ठाऊक असते त्या बाईंची बदली झाली की माहितीचीही बदली होते. नव्या आलेल्या शिक्षकाला सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं.

मोठ्या कंपन्यांत आणि कार्यालयांत हा प्रश्न आणखी मोठा असतो. त्यावर गेल्या तीसेक वर्षांत एक उपाय रूढ झाला आहे, तो म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीचं पोर्टल. संस्थेतल्या प्रत्येकाला आपल्या संगणकावरून एकाच दारातून आत शिरता यावं आणि सहकाऱ्यांचे पत्ते, नियम, रजेचे अर्ज, कामाच्या सूचना, जुने अहवाल असं सगळं हाताशी यावं, ही त्यामागची कल्पना. काही ठिकाणी अशी पोर्टलं लोकांच्या रोजच्या सवयीची होतात. काही ठिकाणी मात्र उद्घाटन झालं, चार दिवस कौतुक झालं आणि नंतर तिकडे कुणी फिरकलं नाही, असं होतं. यंत्रं तीच, खर्चही तेवढाच. मग फरक कुठे पडतो?

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला इतिहासात शोधावंसं वाटलं. कारण आज सगळं जग ज्याला ‘वेब’ म्हणतं, ते मुळात एका संस्थेतली कामाची माहिती हरवू नये म्हणून केलेली सोय होती. तिचा पहिला खरा उपयोग होता सहकाऱ्यांचे टेलिफोन नंबर शोधण्याचा!

माणसं जातात, माहितीही जाते

ही संस्था म्हणजे सर्न. १९५४ साली बारा युरोपीय देशांनी मिळून स्थापन केलेली, जिनिव्हाजवळ स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर वसलेली मूलकणांच्या संशोधनाची प्रयोगशाळा. १९८९ च्या उन्हाळ्यात इथे ‘लेप’ नावाचा त्वरक सुरू झाला. जमिनीखालच्या २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन विरुद्ध दिशांनी फिरवून त्यांच्या टकरी घडवायच्या, आणि त्यातून काय निपजतं ते चार प्रचंड शोधकयंत्रांनी टिपायचं, असा हा कारभार. प्रत्येक शोधकयंत्रामागे अनेक देशांतले शेकडो शास्त्रज्ञ होते. त्यांतल्या ‘एल-३’ या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही सहभाग होता.

एवढी माणसं एकत्र काम करत असली तरी त्यांतली बरीचशी सर्नची कायम नोकर नव्हती. कुणी आपल्या विद्यापीठातून वर्षासाठी येई, कुणी दोन वर्षांसाठी. येणारा आपल्या सवयीचा संगणक आणि आपल्या सवयीची प्रणाली बरोबर घेऊन येई. एका खोलीत व्हॅक्स, दुसरीत मॅकिंटॉश, तिसरीत युनिक्सवर चालणारं यंत्र, आणि संगणक केंद्रात आयबीएमचा मोठा मेनफ्रेम. एका यंत्रावरचं टिपण दुसऱ्यावर वाचता येईलच याची खात्री नसे. काम संपलं की माणूस परत जाई. त्यानं लिहिलेला प्रोग्रॅम कुठे आहे, तो कुठल्या उपकरणासाठी होता, त्यात अमुक बदल का केला होता, हे सांगणारं मग कुणी उरत नसे.

टिम बर्नर्स-ली या इंग्रज तरुणाला याचा अनुभव अगदी सुरुवातीलाच आला. १९८० साली तो सहा महिन्यांच्या करारावर सर्नमध्ये आला होता. कोण कुठल्या प्रकल्पावर आहे, कुठला प्रोग्रॅम कुठल्या यंत्रावर चालतो, हे लक्षात राहीना. म्हणून त्यानं स्वतःपुरता ‘एन्क्वायर’ नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. त्यात प्रत्येक माणसासाठी, यंत्रासाठी, प्रोग्रॅमसाठी एक पान असे आणि पानापानांत दुवे असत: हा प्रोग्रॅम अमक्यानं लिहिला, तो तमक्या यंत्राचा भाग आहे. करार संपल्यावर तो निघून गेला. प्रोग्रॅमची फ्लॉपी मागे ठेवली होती, ती पुढे हरवली. विसरू नये म्हणून केलेली गोष्टही माणसाच्या मागोमाग नाहीशी झाली.

झाड की जाळं?

१९८४ मध्ये बर्नर्स-ली सर्नला परतला. मार्च १९८९ मध्ये त्यानं आपले वरिष्ठ माइक सेंडॉल यांना एक प्रस्ताव दिला. त्यात जगाचा उल्लेख फारसा नव्हता. सर्नमधल्या माहितीची गळती कशी थांबवावी, एवढाच त्याचा विषय होता.

या प्रस्तावातलं निरीक्षण आजही शिकण्यासारखं आहे. संस्थेचा अधिकृत आराखडा झाडासारखा असतो. वर संचालक, खाली विभाग, त्याखाली उपविभाग. पण कामाच्या निमित्तानं कोण कुणाला विचारतो याच्या रेघा काढल्या तर झाड दिसत नाही, जाळं दिसतं. एका विभागातला शास्त्रज्ञ दुसऱ्या विभागातल्या तंत्रज्ञाला कॉफी पिताना गाठतो आणि अडलेलं काम पुढे जातं. त्या काळी सर्नमध्ये कागदपत्रं साठवायची एक व्यवस्था होती, पण तिची रचना झाडाची होती. कागद नेमका कुठल्या फांदीवर आहे हे आधीच ठाऊक असेल तरच तो सापडे. विषयवार शब्द लावून शोधावं, तर दोन माणसं एकाच गोष्टीसाठी एकच शब्द निवडतील याचा भरवसा नसे.

त्यावर बर्नर्स-लीचं म्हणणं असं, की माहितीला आपण ठरवलेल्या कप्प्यांत कोंबू नये. कुठल्याही पानावरून कुठल्याही पानाकडे दुवा देता यावा, एवढंच बघावं. वाचतावाचता दुसऱ्या पानावर उडी मारता येईल अशा मजकुराला ‘हायपरटेक्स्ट’ म्हणतात. हा शब्द टेड नेल्सन यांनी १९६० च्या दशकात रूढ केलेला. कल्पना जुनी होती. ती निरनिराळ्या यंत्रांवर विखुरलेल्या कामाच्या माहितीसाठी वापरायची, हे नवं होतं.

सेंडॉल यांनी प्रस्तावाच्या मुखपृष्ठावर शेरा मारला: अस्पष्ट, पण उत्साह वाटावा असं. मंजुरी मात्र मिळाली नाही. सर्नचं काम मूलकणांचं, संगणकाच्या कल्पना राबवण्याचं नव्हे. मे १९९० मध्ये प्रस्ताव पुन्हा फिरवला गेला. सप्टेंबरात सेंडॉल यांनी बर्नर्स-लीला ‘नेक्स्ट’ कंपनीचा एक नवा संगणक विकत घेऊ दिला. बेल्जियन सहकारी रॉबर्ट कायो त्याच्या मदतीला आला आणि नोव्हेंबरात दोघांनी मिळून सुधारित प्रस्ताव मांडला. १९९० च्या नाताळापर्यंत पहिला सर्व्हर आणि पहिला ब्राउझर चालू झाला होता.

हे सगळं तीन साध्या करारांवर उभं होतं. प्रत्येक पानाला एक पत्ता असेल, तो यूआरएल. पान मागायची आणि पाठवायची एक ठरावीक पद्धत असेल, ती एचटीटीपी. आणि पानावर शीर्षक कुठलं, परिच्छेद कुठला, दुवा कुठला हे दाखवणाऱ्या खुणा असतील, ती एचटीएमएल. या तीन गोष्टी पाळल्या की बाकी यंत्र कुठलं, प्रणाली कुठली, याला बंधन नाही.

टेलिफोनची यादी

यंत्रणा तर झाली, पण ती वापरणार कोण? सर्नमध्ये याआधीही माहिती नीट लावून देणाऱ्या प्रणाली घेऊन बरेच जण आले होते. तुमचे कागद आमच्या पद्धतीनं लिहा, आमच्या वर्गवारीत बसवा, म्हणजे सगळं सोपं होईल, असं ते सांगत. शास्त्रज्ञ वैतागत आणि ती प्रणाली तिथेच थांबे. आपलं काम प्रणालीच्या सोयीनं बदलायला कुणी तयार नव्हतं. शिवाय नव्या जाळ्यात सुरुवातीला होतंच काय? पानं थोडी, म्हणून वाचणारे थोडे. वाचणारे थोडे, म्हणून लिहायला कुणाला हौस नाही. या चक्रात किती तरी चांगल्या कल्पना अडकून पडतात.

हे चक्र सुटलं ते टेलिफोनच्या यादीमुळे. हजारो माणसांच्या आणि सतत बदलणाऱ्या वस्तीत कुणाचा तरी नंबर शोधणं हे रोजचं काम होतं. ही यादी मेनफ्रेमवर होती. तिथे शिरायचं म्हणजे वेगळं खातं आणि वेगळ्या आज्ञा शिकणं आलं. केवळ नंबर बघता यावेत म्हणून आपल्या यंत्रावरची एक खिडकी कायम मेनफ्रेमला जोडून ठेवणारे शास्त्रज्ञ होते.

मेनफ्रेमवरची ही माहिती बर्न्ड पोलरमन सांभाळत असत. बर्नर्स-ली आणि कायो यांनी त्यांना आपल्या बाजूला वळवलं. यात खुबी अशी होती, की यादी पुन्हा टाईप करावी लागली नाही आणि ती मेनफ्रेमवरून हलवावीही लागली नाही. मधे एक दुभाष्या प्रोग्रॅम बसवला. वाचकानं नाव लिहिलं की तो ते जुन्या प्रणालीला तिच्या भाषेत विचारी आणि आलेलं उत्तर वेबच्या पानाचा पोशाख चढवून वाचकाकडे धाडी. यादी दुरुस्त करणारे पोलरमनच राहिले, त्यांची पद्धतही तीच राहिली. त्यामुळे वेबवरचा नंबर आणि मूळ यादीतला नंबर यांत तफावत पडण्याचा प्रश्नच आला नाही.

दुसरी अडचण यंत्रांची होती. पहिला ब्राउझर देखणा होता, पण तो फक्त नेक्स्टवर चाले आणि ते यंत्र फार थोड्यांकडे होतं. म्हणून निकोला पेलो या इंग्लंडहून कामाचा अनुभव घ्यायला आलेल्या गणिताच्या विद्यार्थिनीकडे एक काम आलं: अगदी साध्यातल्या साध्या टर्मिनलवर चालेल असा ब्राउझर लिहायचा. त्यात चित्रं नव्हती, माऊसही नव्हता. दुव्यापुढे कंसात आकडा दिसे, तो आकडा टाईप करायचा की पुढचं पान हजर. दिसायला ओबडधोबड, पण हा ब्राउझर सर्नमधल्या जवळजवळ प्रत्येक यंत्रावर चालू शकत होता. १९९१ च्या वसंतात तो तिथल्या लोकांच्या हातात पडू लागला. पुष्कळांच्या दृष्टीनं तेव्हा वेब म्हणजे नंबर शोधायचं एक सोयीचं साधन, एवढंच होतं. नंबर शोधायला आलेला माणूस मग शेजारचा दुवाही उघडून बघे.

कसलं मोल देऊन काय मिळवलं

ऑगस्ट १९९१ मध्ये बर्नर्स-लीनं ही गोष्ट इंटरनेटवरून बाहेरच्यांना कळवली. डिसेंबरात अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या त्वरक केंद्रात युरोपबाहेरचा पहिला वेब सर्व्हर सुरू झाला. तिथेही पद्धत तीच. शोधनिबंधांची जी सूची भौतिकशास्त्रज्ञ रोज चाळत, तीच वेबमधून दिसू लागली.

त्याच महिन्यात हायपरटेक्स्टच्या तज्ज्ञांची परिषद टेक्सासमध्ये भरली. बर्नर्स-ली आणि कायो यांचा निबंध परिषदेनं घेतला नाही, फक्त प्रात्यक्षिकाला जागा दिली. तज्ज्ञांच्या दृष्टीनं यंत्रणेत एक उघड दोष होता. तोवरच्या अनेक हायपरटेक्स्ट प्रणालींत सगळ्या दुव्यांची एक मध्यवर्ती नोंद असे. पान हललं की तिच्याकडे येणारे दुवेही दुरुस्त होत. वेबमध्ये अशी नोंदच नव्हती. पान काढून टाकलं तर त्याकडे जाणारा दुवा मुकाट्यानं तुटे. आजही ‘४०४’ असा आकडा दाखवून ‘पान सापडलं नाही’ असं संगणक सांगतो, तो या निर्णयाचा परिणाम आहे.

पण मध्यवर्ती नोंद ठेवायची तर प्रत्येक नव्या पानासाठी मध्यवर्ती कार्यालयाची परवानगी आली. शेकडो गट आणि डझनावारी देश असलेल्या संस्थेत ते चाललं नसतं. थोडे दुवे तुटतील हे मान्य केलं, तेव्हा कुठे कुणालाही न विचारता आपलं पान उघडणं शक्य झालं. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं वेबची मूळ आज्ञावली सर्वांना मोफत खुली केली. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातही १९९१ पासून आपल्या आवारातल्या माहितीसाठी ‘गोफर’ नावाची प्रणाली होती आणि ती सुरुवातीला वेबपेक्षा लोकप्रिय होती. विद्यापीठानं १९९३ मध्ये तिच्या काही वापरांवर शुल्क लावायचं ठरवलं आणि लोक बिचकले. पुढच्या काळात गोफर मागे पडत गेला.

आणखी एक किंमत मोजावी लागली, तिच्याकडे मात्र फारसं लक्ष गेलं नाही. नेक्स्टवरच्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचता येई तसं तिथल्या तिथे लिहिता आणि दुरुस्तही करता येई. सर्व यंत्रांवर चालावं म्हणून केलेल्या साध्या ब्राउझरमधून लिहिण्याची सोय वगळली गेली. १९९३ मध्ये आलेल्या लोकप्रिय ‘मोझेक’नंही मुख्यतः वाचण्याचीच सोय दिली. १९९० च्या दशकाच्या मध्याला कंपन्यांनी हेच तंत्र आपल्या कार्यालयांत आणलं, त्याला इंट्रानेट म्हणू लागले, आणि पुढे त्याचंच पोर्टल झालं. पण तोवर बहुसंख्य कर्मचारी वाचणारे आणि थोडे जण लिहिणारे, अशी वाटणी होऊन गेली होती. पुष्कळशी पोर्टलं व्यवस्थापनाचा फळा होऊन बसली, त्याचं एक मूळ इथे आहे असं आम्हाला वाटतं.

लिहिणारे हात

कामगारच लिहू लागले तर काय होतं? याचं एक उदाहरण झेरॉक्स कंपनीत सापडतं. गिऱ्हाईकांकडे जाऊन फोटोकॉपीची यंत्रं दुरुस्त करणारे कंपनीचे हजारो तंत्रज्ञ होते. त्यांच्या हातात जाडजूड पुस्तिका असे: अमुक दिसलं तर तमुक करा. १९८० च्या दशकात ज्युलियन ऑर या मानवशास्त्रज्ञानं या तंत्रज्ञांबरोबर हिंडून त्यांचं काम पाहिलं. आदिवासी पाड्यावर जाऊन अभ्यास करावा तसा त्यानं दुरुस्तीच्या धंद्याचा अभ्यास केला. त्याला आढळलं, की पुस्तिकेत न बसणारे बिघाड बरेच असतात आणि त्यांवरचे इलाज तंत्रज्ञ एकमेकांना जेवताखाता गोष्टी सांगून पोचवतात. बाहेरून बघणाऱ्याला त्या गप्पा वाटतील, पण धंद्याचं ज्ञान त्या गप्पांतूनच पुढे जात होतं.

कंपनीच्या संशोधकांनी पुढे १९९० च्या दशकात फ्रान्समधल्या तंत्रज्ञांबरोबर ‘युरेका’ नावाची प्रणाली उभी केली. तंत्रज्ञानं आपल्याला सापडलेली युक्ती तिथे लिहायची. अनुभवी तंत्रज्ञ ती तपासून बघणार. पटली तर ती लिहिणाऱ्याच्या नावासकट सगळ्यांना दिसणार. तपासणारे वरिष्ठ अधिकारी नव्हते, त्याच धंद्यातले जाणते होते. त्यामुळे चुकीचा इलाज लिहून आपलं नाव खराब करून घेण्याची कुणाला इच्छा नसे आणि चांगल्या युक्तीचं श्रेय मात्र कायम राही. ही प्रणाली फ्रान्सबाहेरही पसरली.

सर्न आणि झेरॉक्स, दोन्हीकडे माणसं निराळी आणि कामं निराळी. तरी दोन गोष्टी समान दिसतात. लोकांना जे रोज लागतं ते तिथे पहिल्या दिवसापासून मिळत होतं. आणि माहिती ज्याला ठाऊक आहे त्याच्याच हातात तिची देखभाल राहिली होती. कुणी ती उचलून भलत्या कार्यालयात नेली नाही. टेलिफोनची यादी पोलरमनची राहिली, युक्ती तंत्रज्ञाची राहिली. या दोन गोष्टी जिथे नसतात तिथे पोर्टल कितीही देखणं केलं तरी त्यावरची माहिती शिळी होते. आणि एकदा शिळा नंबर मिळाला की माणूस पुन्हा तिथे शोधायला जात नाही, सरळ शेजाऱ्याला विचारतो.

आपल्या शिक्षकांनाही आता पोर्टलं नवी राहिलेली नाहीत. सरल आहे, यू-डायस आहे, पगारासाठी शालार्थ आहे. यातल्या कुठल्याही पोर्टलबद्दल दोन प्रश्न विचारून बघावेत. इथे मी जी माहिती भरतो, त्यातलं काय माझ्या वर्गातल्या कामासाठी परत येतं? आणि चूक दिसली तर ती दुरुस्त करणं माझ्या हातात आहे का? वरच्या कार्यालयांना एकत्रित माहिती लागते, हे खरंच आहे. मात्र भरणारा आणि वापरणारा ही माणसं जितकी लांबलांब, तितकं भरणं हे ओझं वाटणार आणि तितक्या चुका राहणार.

शाळेपुरता एक सोपा प्रयोग मोठ्या वर्गातल्या मुलांना बरोबर घेऊन करता येईल. एक आठवडाभर शिक्षकांच्या खोलीत आणि कचेरीत कोण कुणाला काय विचारतं, याची नोंद ठेवायची. मग प्रत्येक माणसासाठी एक वर्तुळ काढायचं आणि प्रत्येक प्रश्नासाठी एक बाण. शाळेच्या अधिकृत आराखड्याशेजारी हे चित्र टांगलं, की दोन्हींतला फरक मुलांच्या आपोआप लक्षात येईल. ज्या वर्तुळाकडे सगळ्यात जास्त बाण जातात ते कदाचित शिपाईमामांचं निघेल, कदाचित निवृत्तीला आलेल्या एखाद्या बाईंचं. आणि जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला, तीच आपल्या शाळेची टेलिफोनची यादी. संगणकावर करा की साध्या दोनशे पानी वहीत, सुरुवात त्या प्रश्नापासून करावी, आणि वही त्यांच्याच हाती द्यावी ज्यांना उत्तर ठाऊक आहे.